दाढ, हृदय आणि मधली चिठ्ठी

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघाले की वस्ती विरळ होण्याआधीच औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसू लागतात. या केंद्राचे पहिले दोन संच १९७०-७१च्या सुमाराचे. ते आता बंद झाले आहेत, आणि नंतर उभे राहिलेले २१० मेगावॉटचे तीन संचही जुने झाले. संचांबरोबर माणसेही जुनी झाली. ऐन विशीत नोकरीला लागलेले हजारो कामगार कॉलनीत, सामनगाव रस्त्याला, नाशिकरोडला घरे बांधून स्थिरावले आणि निवृत्त झाले. त्यांचे दात आणि त्यांची हृदये साधारण एकाच वयात कुरकुरू लागली. मी येथे दातांचा दवाखाना चालवतो. पंचवीस वर्षांपूर्वी दिवसभरात हृदयविकाराचा एखादाच रुग्ण खुर्चीत बसायचा. आता दर चार-पाच माणसांमागे एकाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली हृदयाची फाईल असते.

दात आणि हृदय यांचा एकमेकांशी काय संबंध, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्याहून जास्त भेटतात ते घाबरलेले लोक. ‘स्प्रिंग टाकलीय, आता दाढ काढता येणार नाही ना?’ ‘झडप बदललीय, भुलीचे इंजेक्शन चालेल का?’ या प्रश्नांची उत्तरे गेल्या वीस वर्षांत बरीच बदलली. त्यांतली काही मी पुस्तकातून शिकलो आणि एक माझ्या स्वतःच्या चुकीतून. सुरुवात त्या चुकीपासूनच करतो.

एक चिठ्ठी

गोष्ट २००५ सालची. कोळसा हाताळणी विभागातले एक तंत्रज्ञ खालची अक्कलदाढ घेऊन आले. वय पन्नाशीच्या आत. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या चालू होत्या. दोन्ही गोळ्या रक्तातील बिंबाणूंना एकमेकांना चिकटू देत नाहीत. आम्हाला शिकवले होते की अशा रुग्णाची दाढ काढली तर रक्त थांबत नाही, म्हणून आधी गोळ्या बंद करायच्या. मी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून दिले : ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या ७ दिवस बंद. नंतर दाढ काढू.’ त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करावा, असे मला सुचलेही नाही.

आठव्या दिवशी दाढ काढली. रक्त पाच मिनिटांत थांबले. मी खूष, तेही खूष. त्यानंतर दोन दिवसांनी पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिकेतून शहरात नेले. ज्या स्टेंटने वाहिनी उघडी ठेवली होती, त्यातच गुठळी झाली होती. ते वाचले. पण हृदयाचा बराचसा स्नायू निकामी झाला, फिरती पाळी सुटली आणि ते वेळेआधी नोकरीतून बाहेर पडले. तीन महिन्यांनी ते दवाखान्यात आले आणि म्हणाले, ‘बाकी काही असो डॉक्टर, दाढ मात्र अजिबात दुखली नाही.’

मी तेव्हा काही बोललो नाही. २००७ साली अमेरिकेतील हृदयरोग आणि दंतवैद्यक संघटनांनी एकत्रितपणे एक सूचना काढली. तिचा आशय असा की स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या या दोन गोळ्या वेळेआधी बंद करू नयेत. औषधी लेप असलेल्या स्टेंटनंतर निदान बारा महिने तरी नाहीच. दातांच्या डॉक्टरांनी तर हृदयरोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय त्यांना हात लावू नये. ती वाचून मी त्यांच्या घरी गेलो. चिठ्ठी माझी होती हे त्यांना ठाऊकच होते. ती चुकीची होती, हे मात्र त्या दिवशी मी सांगितले.

गोळी बंद करायची का?

या प्रश्नाचे उत्तर साध्या हिशोबात आहे. दाढेच्या खड्ड्यातून रक्त येत राहिले तर ते डोळ्यांना दिसते आणि त्यावर उपाय हाताशी असतो. खड्ड्यात जिलेटिनचा स्पंज भरता येतो, टाके घालता येतात, कापसाची घडी अर्धा तास दाबून धरता येते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवली की ५ टक्क्यांचे द्रावण होते. त्यात घडी भिजवून दाबली तर गुठळी टिकून राहते. उलट हृदयाच्या वाहिनीत किंवा मेंदूत अडकलेली गुठळी दवाखान्यातल्या खुर्चीवरून कोणालाही काढता येत नाही. एका बाजूला तासाभराचा त्रास आणि दुसऱ्या बाजूला जीव, असा हा सौदा आहे. म्हणून एक-दोन दाढा काढायच्या असतील, तर ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल आता बंद करत नाहीत.

धातूची झडप बसवलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना वॉरफॅरिन किंवा ॲसेनोकुमरॉल जन्मभर घ्यावे लागते. रक्त किती पातळ झाले आहे, हे आयएनआर या तपासणीत कळते. निरोगी माणसात हा आकडा १च्या आसपास असतो, तर झडपवाल्यांत तो मुद्दाम २ ते ३.५च्या दरम्यान ठेवतात. दाढ काढण्याच्या आदल्या दिवशी तपासणी करून घ्यावी. आकडा साधारण ३.५पर्यंत असेल तर गोळी न थांबवता दाढ काढता येते. त्याहून वर असेल तर दाढ थांबवायची आणि रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवायचे. गोळीचा डोस आपण बदलायचा नाही. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या नव्या गोळ्यांचा परिणाम आयएनआरमध्ये नीट दिसत नाही. तेथे सकाळचा डोस पुढे ढकलायचा की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

येथे आणखी एक धोका आहे आणि तो दाढ काढल्यानंतरचा आहे. हिरडी सुजली की मेट्रोनिडॅझोल लिहायची आपल्याकडे सवय आहे. मेडिकलवालेही चिठ्ठीशिवाय देतात. वॉरफॅरिन-ॲसेनोकुमरॉल घेणाऱ्या माणसाने ते घेतले तर या गोळ्यांचा शरीरातून निचरा मंदावतो, आयएनआर चढतो आणि चार दिवसांनी हिरडीतून, नाकातून, लघवीतून रक्त येऊ लागते. तोंडातल्या बुरशीसाठी लावतात ते मायकोनॅझोलचे जेलही हेच करते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो, शिवाय अशक्त हृदय असलेल्यांच्या अंगात पाणी साठते. अशा रुग्णाला दाढदुखीसाठी पॅरासिटामॉल बरे.

तोंडातून हृदयापर्यंत

आता जंतूंकडे वळू. तोंडात शेकडो जातींचे जंतू सुखाने नांदत असतात. हिरडी सुजलेली असेल तर दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीतले नाजूक आवरण जागोजागी फाटलेले असते. दाढ काढताना, खोल सफाई करताना, अगदी ब्रश करतानाही तेथून जंतू रक्तात शिरतात. सर्वसाधारण माणसाच्या रक्तातून ते थोड्याच वेळात नाहीसे होतात. पण झडप कृत्रिम असेल किंवा आधीच खराब झालेली असेल, तर तिच्या खडबडीत पृष्ठभागावर बिंबाणू आणि तंतूंचा पातळ थर जमलेला असतो. व्हिरिडन्स गटातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू त्या थराला चिकटतात, वाढतात आणि झडपेवर भुसभुशीत गाठोडे तयार करतात. त्याचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर अर्धांगवायू होतो. झडप फाटली तर हृदय निकामी होते. या आजाराला जंतुजन्य अंतर्हृदयदाह म्हणतात. त्याचे नाट्य छातीत दिसत नाही. रोज संध्याकाळी बारीक ताप येतो, घाम येतो, भूक जाते, वजन उतरते.

विल्यम ऑस्लर यांनी १८८५ साली लंडनमधील व्याख्यानांत या आजाराचे तपशीलवार वर्णन केले. दाताशी असलेला त्याचा संबंध १९३५ साली ओकेल आणि इलियट या दोघांनी प्रयोगाने दाखवला. दाढ काढल्याबरोबर घेतलेल्या रक्तात त्यांना अर्ध्याहून अधिक रुग्णांत स्ट्रेप्टोकॉकस सापडले. पुढे पेनिसिलिन आले आणि १९५५ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दातांच्या उपचाराआधी ते द्यावे, अशी पहिली शिफारस केली. नंतर पन्नास वर्षे ही यादी लांबत गेली. हृदयात जरा कुरकुर ऐकू आली, की दे प्रतिजैविक!

मग २००७ साली त्याच संस्थेने यादी एकदम छाटली. कारणाचा अंदाज २००८च्या एका अभ्यासावरून येतो. २९० माणसांची तीन गटांत विभागणी केली होती. दाढ काढण्याआधी औषध न दिलेल्यांपैकी ६० टक्क्यांच्या रक्तात जंतू सापडले, ॲमॉक्सिसिलिन दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या, आणि नुसते ब्रश करणाऱ्यांपैकी २३ टक्क्यांच्या. दाढ वर्षांतून एखादी काढली जाते, ब्रश वर्षातून सातशे वेळा होतो. म्हणजे सुजलेल्या हिरड्या घेऊन जगणाऱ्याच्या झडपेला खरा धोका रोजचाच आहे. एका दिवसाच्या गोळीने तो जात नाही. हिरडी निरोगी ठेवणे हाच मुख्य उपाय.

दाढेआधीची ती एक मात्रा

तरीही ज्यांच्यात हा आजार झाल्यास जीवावर बेतते, अशांना औषध द्यायचेच. यादी छोटी आहे. कृत्रिम झडप असलेले किंवा झडपेच्या दुरुस्तीत कृत्रिम साहित्य वापरलेले, पूर्वी एकदा हा दाह होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषामुळे ओठ-नखे निळी पडणारी आणि शस्त्रक्रिया न झालेली मुले, छिद्र बुजवण्यासाठी उपकरण किंवा ठिगळ बसवून सहा महिने न झालेले, आणि बसवलेल्या ठिगळाजवळ अजून गळती असलेले. हृदयप्रत्यारोपणानंतर झडप बिघडलेलेही यात येतात. स्टेंट, बायपास किंवा पेसमेकर असलेल्यांना या कारणासाठी प्रतिजैविक लागत नाही.

औषध म्हणजे उपचाराआधी अर्धा ते एक तास ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, एकदाच. मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे ५० मिलिग्रॅम. पाच दिवसांचा कोर्स नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम हा एक पर्याय. पूर्वी देत असलेले क्लिंडामायसिन २०२१च्या सुधारित सूचनेत वगळले, कारण त्याच्या एका मात्रेनेही आतड्याचा गंभीर दाह होऊ शकतो.

ब्रिटनने २००८ साली आणखी पुढे जाऊन हे औषध सरसकट बंद करायला सांगितले होते. पुढे तेथे आजाराचे प्रमाण वाढल्याचे २०१५च्या एका विश्लेषणात दिसले. वाढीचे कारण औषध थांबवणे हेच का, यावर वाद झाला. २०१६ साली त्या सूचनेत ‘नेहमीच्या पद्धतीने देऊ नये’ असा शब्दबदल झाला, म्हणजे निवडक रुग्णांसाठी दार पुन्हा उघडले.

आपल्याकडचा पेच वेगळा आहे. अमेरिकन यादीत संधिज्वराने बिघडलेली, पण न बदललेली झडप नाही. तिकडे हा आजार दुर्मीळ झाला. इकडे मात्र लहानपणी घसा दुखून सांधे सुजले आणि तिशीत झडप आकसली, अशा बाया खेड्यापाड्यांतून आजही येतात. ऑस्ट्रेलियातल्या सूचनांत तेथील मूळ रहिवाशांसारख्या जोखमीच्या गटांसाठी संधिज्वराची झडप यादीत ठेवलेली आहे, आणि आपल्याकडेही अनेक हृदयरोगतज्ज्ञ अशा रुग्णाला मात्रा द्यायला सांगतात. मी त्यांना विचारतो आणि ते लिहून देतील तसे करतो. एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. संधिज्वराच्या रुग्णांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळते. ते घशाचा संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून असते. दाढेआधीच्या मात्रेचे काम ते करत नाही.

ज्यांना कोणी हात लावत नाही

गोदाकाठच्या एका गावातली एक ताई, वय चौतीस. संधिज्वराने झडप खराब. तोंडात सहा दाढांची नुसती मुळे उरलेली, आणि वर्षानुवर्षांच्या मिश्रीने हिरड्या काळवंडून सुटलेल्या. ती तीन ठिकाणी जाऊन आली होती. प्रत्येक ठिकाणी ‘हार्ट पेशंट आहे, आम्ही काढत नाही’ असे सांगून परत पाठवले. कोणी चुकीचे औषध दिले नाही, कोणी काही बिघडवले नाही. नुसते परत पाठवले. मग तिला संध्याकाळचा ताप येऊ लागला. टायफॉइड समजून महिनाभर औषधे झाली. अखेर एका डॉक्टरांनी रक्ताचे कल्चर करून घेतले आणि इकोमध्ये झडपेवरचे गाठोडे दिसले. सहा आठवडे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली. घरात दोन लहान मुले, सासू आणि कांद्याची काढणी.

ती बरी झाल्यावर मी तिच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून, दरवेळी आधी औषध देऊन दोन बैठकींत ती सहाही मुळे काढली. एकूण वेळ दीड तासाच्या आत. ती म्हणाली, ‘एवढंच होतं तर आधी का नाही काढलं कोणी?’ जंतूंनी भरलेली मुळे तोंडात ठेवणे म्हणजे काहीच न करणे नव्हे. तोही एक निर्णय आहे आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. म्हणूनच झडप बदलण्याआधी शल्यविशारद दातांची तपासणी करून दाखला मागतात.

भूल, रक्तदाब आणि खुर्ची

भुलीच्या औषधात ॲड्रिनॅलिन असते, म्हणून ते हृदयाला चालत नाही, असा समज दृढ आहे. ॲड्रिनॅलिनमुळे भूल जास्त वेळ टिकते आणि रक्त कमी येते. नेहमीच्या १ : ८०,००० प्रमाणातल्या औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये ते ०.०१२५ मिलिग्रॅम असते. हृदयरुग्णासाठी एका वेळची मर्यादा ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३ मिलिलिटर. खालच्या एका दाढेला साधारण २ मिलिलिटर पुरते. सुई रक्तवाहिनीत नाही ना, हे मागे ओढून पाहावे आणि औषध हळू सोडावे. भूल अपुरी पडून रुग्ण वेदनेने कळवळला, तर त्याचे स्वतःचे शरीर याहून कितीतरी जास्त ॲड्रिनॅलिन रक्तात सोडते. अपवाद आहेत. नियंत्रणात नसलेली अनियमित लय, वाढती छातीदुखी, किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी. त्यांच्याबाबत आधी विचारलेच पाहिजे.

रक्तदाब १८०/११०च्या वर असेल तर ठरवून करायचे कोणतेही काम मी करत नाही. रात्रपाळी करून, न जेवता, न झोपता थेट खुर्चीत येऊन बसणाऱ्यांना घरी पाठवतो. हृदयरुग्णांना सकाळी दहा-अकराची वेळ देतो. पहाटेचा ताण ओसरलेला असतो, आणि रक्त येऊ लागलेच तर दिवस हाताशी असतो. हृदय अशक्त असलेल्यांना खुर्ची पूर्ण आडवी केली तर दम लागतो, म्हणून अर्धवट उठून बसवतो. काम झाल्यावर रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना दोन मिनिटे बसवून मगच उभे करतो, नाहीतर चक्कर येते. हार्ट अटॅकनंतर पूर्वी सरसकट सहा महिने थांबत. आता दोन-एक महिन्यांनी, हृदयरोगतज्ज्ञांची संमती घेऊन, गरजेचे काम करता येते. दुखणे आणि पू मात्र त्याआधीही आवरावे लागतात.

अम्लोडिपिन किंवा निफेडिपिन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात. ही औषधाची ओळखीची प्रतिक्रिया आहे. गोळी मनानेच बंद करू नये. सफाई करावी आणि डॉक्टरांना दाखवावे, बहुधा दुसरी गोळी मिळते.

दाढ दुखते की हृदय?

शेवटचा मुद्दा उलट दिशेचा. कधी कधी दाढ चांगली असते आणि दुखणे हृदयाचे असते. हृदयाकडून आणि जबड्याकडून येणाऱ्या संवेदना मज्जासंस्थेत एकमेकींजवळ पोहोचतात, त्यामुळे मेंदू पत्ता चुकतो. २००७च्या एका अभ्यासात हृदयाला रक्त कमी पडलेल्या १८६ रुग्णांपैकी ३८ टक्क्यांना चेहऱ्यात किंवा जबड्यात दुखले होते, आणि ६ टक्क्यांना फक्त तेथेच, छातीत अजिबात नाही. ओळख अशी : दुखणे एका दाताला दाखवता येत नाही, बहुधा दोन्हीकडे किंवा गळ्यापर्यंत पसरते, जिना चढताना किंवा भरभर चालताना येते, थांबल्यावर जाते. थंड-गरम, चावणे याने त्यात फरक पडत नाही. अशा माणसाची दाढ काढू नये, आधी ईसीजी काढावा. त्यातही ईसीजी ठीक आला म्हणून निर्धास्त राहू नये, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवावेच.

सोबत काय न्यावे

हृदयाचा आजार असेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी सोबत असाव्यात : शेवटचे डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटे (नावे तोंडी सांगताना चूक होते), झडप असल्यास ताजा आयएनआर, आणि तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचा फोन नंबर. जिभेखाली ठेवायची गोळी घेत असाल तर ती खिशात असू द्या. त्या दिवशीच्या नेहमीच्या गोळ्या आणि नाश्ता चुकवू नका. आणि कोणी, अगदी डॉक्टरांनीही, रक्त पातळ करणारी गोळी बंद करायला सांगितली, तर एकच विचारा : ‘माझ्या हृदयाच्या डॉक्टरांशी तुमचे बोलणे झाले का?’

माझ्या दवाखान्यातल्या नोंदीच्या कागदावर २००७ पासून एक प्रश्न वाढला आहे : ‘सध्या कोणती गोळी बंद केली आहे? कोणी सांगितले?’ ते तंत्रज्ञ गेल्या वर्षी कवळीचे माप द्यायला आले, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो कागद वाचला. पहिल्या रकान्यात लिहिले, ‘एकही नाही.’ दुसरा रिकामा ठेवून पेन माझ्या हातात दिले.